छोटा दांडा

माणसानं आयुष्यात एकदा तरी भंगारच्या दुकानात पालथं पडून एखाद्या लोखंडी पेटीचा वास घ्यावा. त्याशिवाय आपण किती शिकलेलो आहोत आणि किती अडाणी आहोत याचा नीट अंदाज येत नाही. मी हा वास एकाच महिन्यात दोनदा घेतला. पहिल्यांदा मला आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं. ते वाटणं दोन दिवस टिकलं.

गोष्ट तशी साधी होती. आमच्या इमारतीच्या मागच्या आवारात बाबांचा ट्रक उभा आहे. साधा ट्रक नव्हे. चारही चाकांना जोर असलेला, नाल्यातून, दगडांतून, गुडघाभर चिखलातून जाणारा. बाबा जमीन मोजणाऱ्या खात्यात चालक होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हा एकच ट्रक चालवला आणि दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. खात्यानं बाबांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ट्रक लिलावात काढला. बाबांनी तो ट्रक घेतला. घड्याळ बंद पडून आता पंधरा वर्षं झाली, पण ट्रकचं इंजिन अजून पहिल्या चावीला सुरू होतं.

अडचण एकच. इंजिन सुरू होतं, गाडी हलत नाही. अकरा वर्षांपूर्वी गिअरबॉक्स अडकला म्हणून एका मिस्त्रीनं तो काढून दुरुस्तीला नेला. मग रस्ता रुंद झाला, त्यात मिस्त्रीचं दुकान गेलं, दुकानाबरोबर मिस्त्री गेला आणि मिस्त्रीबरोबर आमचा गिअरबॉक्स. तेव्हापासून ट्रकच्या पोटात एक भोक आहे आणि भोकावर एक फळी. बाबा दर रविवारी इंजिन सुरू करतात, पाच मिनिटं ऐकतात आणि बंद करतात. रोज सकाळी मात्र ते न चुकता ट्रकच्या केबिनमध्ये बसून चहा पितात. आई गेल्यापासून तर दोन कप पितात.

गेल्या महिन्याच्या एक तारखेला आमच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली. सेक्रेटरी हा माणूस मुळात वाईट नाही, पण त्याला टाइप करता येतं. नोटिशीत लिहिलं होतं की, ‘मागील आवारातील वाहन महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या बळावर फाटकाबाहेर जाऊन परत न आल्यास ते वाहन नसून अडगळ आहे असे समजण्यात येईल व अडगळ क्रेनने उचलण्यात येईल.’

बाबांची नजर आता अधू झाली आहे; एका डोळ्यानं उजेड कळतो, दुसऱ्यानं माणसं कळतात, अक्षरं नाहीत. मीच त्यांना नोटीस वाचून दाखवली. ते म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. गाडीचंही वय झालं. कशाला खटाटोप?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा प्यायला खाली गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यांनी अर्धा कप घेतला आणि उरलेला बेसिनमध्ये ओतला.

“अहो,” बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, “क्रेन ट्रक उचलेल तेव्हा उचलेल. माणूस आत्ताच उचलल्यासारखा झालाय. काहीतरी करा.”

मी काहीतरी करायचं ठरवलं. ज्यांनी मला ओळखलं आहे त्यांना हे वाक्य वाचूनच पुढचं दिसायला लागेल.

आता थोडं शास्त्र. गिअरबॉक्स म्हणजे काय ते साधारण सर्वांना माहीत असतं. या जातीच्या गाड्यांत त्याच्या पाठीला आणखी एक छोटी पेटी जोडलेली असते. ती इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही वाटून देते आणि चढावर गाडीला हळू पण दांडगी करते. मिस्त्री लोक तिला ट्रान्सफर केस म्हणतात, बाबा छोटी पेटी म्हणतात. मोठ्या पेटीचा मोठा दांडा, छोटीचा छोटा दांडा. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं.

आणि छोट्या दांड्याच्या बाबतीत मी सामान्य माणूस नव्हे. वयाच्या सहाव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत दर सुट्टीत मी बाबांबरोबर त्या ट्रकमधून फिरलो. मोठा दांडा बाबांचा, छोटा माझा. समोर मोठा चढ आला की बाबा स्टिअरिंगवर वाकून ओरडायचे, “छोटा!” मी दोन्ही हातांनी मूठ धरायचो, मान खाली घालून सगळा जीव लावायचो आणि दांडा मागे ओढायचो. गाडी गुरगुरत चढायची. माथ्यावर गेलो की बाबा म्हणायचे, “शाब्बास. तू नसतास तर गाडी खालीच राहिली असती.” मी कपाळावरचा घाम पुसून म्हणायचो, “माहीत आहे मला.”

शाळेत ‘माझा आवडता छंद’ या निबंधात सगळ्यांनी तिकिटं आणि बागकाम लिहिलं, मी ‘चारचाकी जोर लावणे’ असं लिहिलं होतं. पुढे मी मोठा झालो, आणि खरं सांगायचं तर मला त्या ट्रकची लाज वाटायला लागली. मित्रांचे वडील ऑफिसात बसायचे, माझे चिखलानं माखून यायचे. मी त्यात बसणं सोडलं. ते आजही मला बोचतं, पण ते असो.

सल्लागारांपैकी पहिले आले ते वरच्या मजल्यावरचे काका. त्यांना सगळी इमारत ‘विश्वकोश’ म्हणते. काकांकडे स्वतःची सायकलही नाही, त्यामुळे वाहनांविषयी त्यांचं मत निःपक्षपाती असतं.

“जुना गिअरबॉक्स घेताना तीन गोष्टी बघायच्या,” ते म्हणाले. मग त्यांनी सतरा सांगितल्या. मी वही काढली. मी एका सरकारी रेकॉर्ड रूममध्ये सव्वीस वर्षं काम करतो; माझ्यासमोर कुणी बोललं की माझा हात आपोआप रकाने आखतो. तळमजल्यावरच्या शिंप्यानं चार मुद्दे घातले, सेक्रेटरींनी स्वतः दोन घातले आणि वर म्हणाले, “नोटीस वेगळी, माणुसकी वेगळी.” दोन दिवसांत माझा बेचाळीस मुद्द्यांचा तपासणी-तक्ता तयार झाला, तीन प्रतींत.

ही सगळी सल्लामसलत आम्ही ट्रकभोवती गोल उभे राहूनच केली. कुणी बॉनेटला टेकलं होतं, कुणी चाकावर पाय ठेवून बोलत होतं. एकानंही खाली वाकून ट्रकच्या पोटाकडे पाहिलं नाही, हे लक्षात ठेवा. मीही नाही. माझे गुडघे तेव्हा दुखत होते.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वयस्कर मिस्त्रीकडे गेलो. त्यानं तक्ता पाहिला, उलटा करून पाहिला आणि परत दिला.

“साहेब, मला एकच सांगा. गाडी जुन्या बांधणीची की नव्या? बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, पण पेट्या वेगळ्या. चुकलात तर बसणार नाही.”

“पेटीवर नंबर असतो ना?”

“असतो. पण तुमची पेटी कुठाय?”

हा प्रश्न बेचाळीस मुद्द्यांत नव्हता.

मग मी बाबांच्या जुन्या खात्यात गेलो. तिथल्या रेकॉर्ड रूममधला माणूस माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच चष्मा, माझ्यासारखीच टेबलाखाली काढून ठेवलेली चप्पल. त्यानं माझा अर्ज वाचला आणि डोळे न उचलता म्हणाला, “नोंद सापडत नाही. मुदतबाह्य कागद नष्ट झालेत.”

हे वाक्य मी स्वतः सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. ते ऐकताना कसं वाटतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी त्याला म्हटलं, “अहो, मीही याच धंद्यातला. मागच्या कपाटात असेल, उठायचा कंटाळा आला म्हणून सांगताय ना?” त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि फार प्रेमानं म्हणाला, “मग तुम्हाला तर कळायला हवं.” मी उठलो.

“बाबांनाच विचारा ना सरळ,” बायको म्हणाली. “अठ्ठावीस वर्षं चालवलाय त्यांनी.”

“त्यांना विचारलं की ते नको म्हणणार. आणि मी काय परका आहे? त्या गाडीचा अर्धा चालक मी होतो.”

ती काही बोलली नाही. आमच्या घरात बायको काही बोलली नाही की पुढच्या आठवड्याची तयारी ठेवावी लागते.

भंगारच्या गल्लीत एक शेठ होते. दुकान म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड, दोन्ही बाजूंना दरवाजे, चाकं, रेडिएटर. मधल्या वाटेवर तेलानं काळी झालेली माती, आणि टोकाला एका खुर्चीवर पेपर वाचणारे शेठ. त्यांच्याकडे आमच्या जातीच्या ट्रकचे दोन संच होते, गिअरबॉक्स आणि छोटी पेटी एकत्र जोडलेले. एक जुन्या बांधणीचा, एक नव्या.

“कुठला हवाय?” शेठनी विचारलं.

मी दोन्हींकडे पाहिलं आणि जागीच थांबलो. दुसऱ्या संचाच्या छोट्या पेटीवर दांडा अजून होता, आणि त्याच्या टोकाला ती मूठ. काळी, गोल, वर पांढऱ्या रेषा कोरलेल्या. एक उभी रेष, दोन टोकांना दोन आकडे, आणि मधून डावीकडे फुटलेला एक छोटा फाटा. सात वर्षं सुट्ट्यांमध्ये कंटाळा आला की मी नखानं तो फाटा गिरवायचो. डोळे बांधून मला कुणी ती मूठ दिली असती तरी मी ओळखली असती. मी तिच्यावर हात ठेवला आणि भर दुपारी भंगारच्या शेडमध्ये माझे डोळे भरून आले.

“साहेब, धूळ गेली का?” शेठ म्हणाले.

“हाच,” मी म्हटलं. “शंभर टक्के हाच.”

पण मी काही भावनेच्या भरात वाहून जाणारा माणूस नाही. मी तक्ता काढला. मातीत जुना पेपर पसरला, त्यावर पालथा पडलो आणि तपासणी सुरू केली. तळाचा बोल्ट सैल करून थोडं तेल काढलं, बोटांवर चोळलं: चमक नाही, म्हणजे आतलं लोखंड झिजून पडलेलं नाही. रंग पाहिला: दुधाळ नाही, म्हणजे पाणी गेलेलं नाही. वास घेतला: जळकट नाही. पुढचा दांडा धरून वरखाली हलवला: खेळ नाही. एकेक गिअर टाकून हातानं फिरवून पाहिलं: कुठे अडकत नाही. पेटी बोल्टनं बसवायचे लोखंडी कान चाचपले: तडा नाही. बेचाळीसपैकी बेचाळीस. माझ्या स्वतःच्या दहावीत मला एवढे पडले नव्हते.

“तुम्ही मिस्त्री का?” शेठनी आदरानं विचारलं.

“तसंच म्हणा,” मी म्हटलं.

पेटी टेम्पोतून घरी आली तेव्हा विश्वकोशांसह अर्धी इमारत खाली होती. बाबाही आले. त्यांनी पेटीला हात लावला नाही, लांबूनच उभे राहिले, पण त्या दिवशी संध्याकाळचा चहा ते केबिनमध्ये जाऊन प्यायले. बायकोनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं.

दोन दिवसांनी तोच वयस्कर मिस्त्री साखळी-कप्पी घेऊन आला. बाबा वर केबिनमध्ये चहाचा कप घेऊन बसले. मिस्त्री ट्रकखाली सरकला आणि पाच मिनिटांत बाहेर आला.

“साहेब, ही बसायची नाही.”

“का?”

“पुढच्या चाकांना जोर नेणारा दांडा या पेटीतून डावीकडे निघतो. तो जोर घेणारा तुमच्या पुढच्या आसावरचा गोळा उजवीकडे आहे. ही नव्या बांधणीची पेटी. तुमची गाडी जुनी. खाली वाकून एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं.”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. विश्वकोश म्हणाले, “मी तेच सांगणार होतो.” आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा चार माणसं एकदम वाकली.

पेटी उत्तम होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. बूट उत्तम, पाय दुसऱ्याचा, एवढंच. पण मी ऐकेना.

“शक्यच नाही! तुम्ही मला शिकवू नका. या गाडीचा छोटा दांडा मी सात वर्षं ओढलाय. हीच मूठ, हाच फाटा! माझी आठवण खोटी आणि तुमचा गोळा खरा?”

मिस्त्रीनं नुसतं ट्रकखाली बोट दाखवलं. गोळा तर समोर होताच.

वरून केबिनचं दार उघडलं. बाबा चाचपत खाली उतरले, कप बॉनेटवर ठेवला आणि घरात गेले. मला वाटलं, माझा आवाज चढला म्हणून गेले. दहा मिनिटांनी ते एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि माझ्या हातात दिलं.

मी टॉवेल सोडला. आत लोखंडी दांडा, टोकाला काळी गोल मूठ, पांढऱ्या रेषा, डावीकडे फाटा. फाट्यावर माझ्या नखाचे ओरखडे.

“हाच! बघा!” मी मिस्त्रीला म्हणालो.

“हाच,” बाबा म्हणाले. “आता खालून बघ.”

खाली एक चपटी पट्टी होती, तिला दोन भोकं, आणि एक जाडजूड स्प्रिंग.

“हा कुठे जोडलेला असायचा, बाबा?”

“जमिनीला.”

“नाही, म्हणजे खाली, पेटीत कुठे?”

“कुठेच नाही.” बाबांनी घसा साफ केला. “तू सहा वर्षांचा होतास. पहिल्याच दिवशी चालत्या गाडीत खरा दांडा धरलास. हात झटकला तर तू रडलास. मग खात्याच्या वर्कशॉपमध्ये एक मोडका दांडा पडला होता, नव्या गाडीचा, तो आणून तुझ्या बाजूला बोल्ट मारून बसवला. खरा माझ्या गुडघ्याजवळ होता. आखूड, बिनमुठीचा.”

“तो तर हँडब्रेक होता!”

“असं मी तुला सांगितलं होतं. मी ‘छोटा’ म्हटलं की तू मान खाली घालायचास. तेवढ्यात मी माझा लावून मोकळा व्हायचो.”

शिंप्याला खोकल्याची उबळ आली. विश्वकोशांनी आकाशाकडे पाहिलं. माझी बायको तोंडावर पदर घेऊन जिन्याकडे पळाली आणि तिचं हसू पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. मी पन्नाशी ओलांडलेला, जबाबदार, तीन प्रतींत तक्ता करणारा माणूस. चव्वेचाळीस वर्षं ज्या एका कर्तबगारीवर मी मनातल्या मनात ताठ उभा होतो ती जमिनीला बोल्टनं बसवलेली होती!

“आणि ही स्प्रिंग कशाला?” मी रागानं विचारलं.

“जोर लागायला नको? नुसता हलला असता तर तुला शंका आली असती. दोन-तीन स्प्रिंगा बदलून पाहिल्या. एक फार कडक होती, तुझ्या हाताला फोड आला असता.”

यावर रागावत कसं राहायचं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. दिवसभर गाडी हाकून आलेला माणूस, वर्कशॉपच्या कोपऱ्यात बसून, सहा वर्षांच्या पोराच्या हाताला बेताची लागेल अशी स्प्रिंग शोधतोय. त्याच माणसाबरोबर रस्त्यानं जायला मला पुढे लाज वाटत होती. मी तो दांडा टॉवेलात परत गुंडाळला. मिस्त्री उगाच पाने आवरू लागला.

महिना संपायला सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन शेठच्या शेडमध्ये गेलो. तक्ता घरी ठेवला. शेठ म्हणाले, “माल परत घेत नाही.” बाबा जुन्या बांधणीच्या संचापाशी गेले, पेपर न पसरताच मातीत बसले आणि डोळे मिटून त्याच्यावर हात फिरवू लागले. आंधळी माणसं ओळखीचा चेहरा चाचपतात तसा. नंबराची अक्षरं त्यांनी अंगठ्यानं वाचली. दुसरा गिअर टाकून फिरवला आणि कान लावला.

“दुसऱ्याचा एक दात झिजलाय. आवाज करील.” मग हात आणखी खाली गेला. “हा कान तडकलाय, वेल्डिंग मागतोय. तेल कसं आहे बघ रे.”

मी पालथा पडलो, तेल काढलं, चोळलं. “थोडी चमक आहे, बाबा.”

“असणारच. आमचीही आवाज करायचीच.”

शेठ केव्हा खुर्चीतून उठून जवळ येऊन उभे राहिले होते कळलं नाही. त्यांनी विचारलं, “काका, किती वर्षं चालवली?” बाबांनी सांगितलं. शेठ म्हणाले, “ती आणा परत, ही घेऊन जा.” वर त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “आणि हे मिस्त्री?”

“तो छोटा दांडा सांभाळायचा,” बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मिस्त्रीनं तडकलेला कान वेल्ड करून पेटी बसवली, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी सगळी इमारत खाली उतरली. सेक्रेटरी नोटिशीची प्रत हातात घेऊन फाटकाशी उभे होते. आमचं आवार खोलगट आहे; फाटकाकडे जायला सिमेंटचा एक उभा चढ आहे, त्यावर माझी छोटी मोटारही धापा टाकते. डॉक्टरांनी बाबांना स्टिअरिंगला हात लावायची बंदी केली आहे, म्हणून चालवणार मी होतो. पेटी बसल्यावर दोन दिवस बाबांनी मला जागच्या जागी गिअर टाकायला शिकवलं होतं आणि त्यात माझ्या शिक्षणाविषयी जे काढलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाबा डावीकडून केबिनमध्ये चढले, माझ्या जुन्या जागेवर बसले आणि सवयीनं हातानं आजूबाजूला चाचपलं. त्यांचा हात मुठीवर थांबला. आदल्या संध्याकाळी मी तो दांडा जुन्याच दोन भोकांत बोल्ट मारून बसवला होता. त्यांचा अंगठा फाट्यावरून दोनदा फिरला.

मी इंजिन सुरू केलं. अकरा वर्षांनी ट्रक हलला. दुसरा गिअर सांगितल्याप्रमाणे किंचाळला, शिंप्याच्या मांजरानं भिंतीवरून उडी मारली आणि चढ समोर आला. पुढची चाकं वर चढली, इंजिनाचा आवाज बसू लागला, गाडी थरथरली. गाडी मागे घसरली तर सेक्रेटरी, नोटीस, क्रेन, सगळं डोळ्यांसमोर आलं.

“बाबा,” मी ओरडलो, “छोटा!”

बाबांनी दोन्ही हातांनी मूठ धरली. मान खाली घातली. ऐंशीला टेकलेल्या त्या माणसानं डोळे घट्ट मिटून, दात आवळून सगळा जीव लावला आणि दांडा मागे ओढला. तेवढ्यात मी माझ्या गुडघ्याजवळचा आखूड, बिनमुठीचा दांडा टाकून घेतला. गाडी गुरगुरली, दांडगी झाली आणि सेक्रेटरींच्या नाकासमोरून फाटकाबाहेर रस्त्यावर गेली.

मागे टाळ्या वाजत होत्या. मी गाडी कडेला घेऊन थांबवली; परत यायला उतारच होता.

“शाब्बास, बाबा,” मी म्हटलं. “तुम्ही नसता तर गाडी खालीच राहिली असती.”

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि कपाळावरचा घाम पुसला.

“माहीत आहे मला,” ते म्हणाले.